दातलोणी

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर, पेशंट खुर्चीत आडवा झाला की त्याची नजर नेमकी जाईल अशा जागी, मी एक प्रमाणपत्र टांगलं होतं. डिजिटल कवळीचं प्रशिक्षण पूर्ण केल्याबद्दल. खाली माझं नाव, सिडसेल, आणि सोनेरी शिक्का. हे प्रशिक्षण एका दिवसाचं होतं. आऱ्हुस शहरातल्या एका हॉटेलात, सकाळी नऊ ते दुपारी चार, मधे जेवणाची सुट्टी. त्यातले दोन तास तर स्कॅनर विकणाऱ्या माणसानं तो स्कॅनर किती हलका आहे हे सांगण्यात घालवले. मी मन लावून ऐकलं, कुठलं बटण कधी दाबायचं ते वहीत लिहून घेतलं आणि परत येताना गाडीत शीळ घालत होते. वीस वर्षं लोकांचे दात काढणारी आणि बसवणारी बाई शीळ घालत होती! आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

खूश होण्यासारखं होतं म्हणा. पूर्वी एका कवळीला पाच खेपा लागायच्या. तोंडात लगदा भरा, साचा काढा, मेणात दात लावून बघा, पुन्हा बोलवा, पुन्हा घासा. आता दोन खेपांत काम. एकदा स्कॅन, एकदा बसवणं. मधलं सगळं दूरच्या प्रयोगशाळेतली यंत्रं करणार.

माझं पहिलं गिऱ्हाईक एवाल्ड. आमच्या बंदरातला एकोणऐंशी वर्षांचा मच्छीमार, आता बोट विकून घरी बसलेला. त्याची कवळी एकतीस वर्षांची होती. हिरड्या झिजल्या होत्या, ती हलायची, बोलताना टकटक वाजायची. ही जुनी कवळी लेमविग गावात हातानं कवळ्या घडवणाऱ्या गुडरूननं बनवली होती, तिनं दुकान बंद करूनही आता पंधरा वर्षं झाली असतील.

एवाल्डची बायको डॅग्नी गावातल्याच वृद्धाश्रमात होती. तिचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. मुलांची नावं गेली, लग्न गेलं, घर कुठल्या गल्लीत होतं तेही गेलं. नवऱ्याचा चेहरा तिला कधी ओळखू यायचा, कधी नाही. पण एक गोष्ट राहिली होती. एवाल्ड रोज बरोबर बारा वाजता सायकलवरून तिच्याकडे जेवायला जायचा. काळ्या पावाची जाड चकती, तिच्यावर बोटभर जाडीचं लोणी. आमच्याकडे याला दातलोणी म्हणतात, चावलं की लोण्यात दातांचे ठसे उमटले पाहिजेत इतकं जाड. एवाल्ड पहिला घास घ्यायचा आणि पाव तिच्यापुढे धरायचा. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती, त्यामुळे ठशाच्या मधोमध लोण्याची एक बारीक भिंत उभी राहायची. डाव्या बाजूचा एक दात जरा तिरका होता, तिथे खड्डा पडायचा. डॅग्नी त्या भिंतीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "आलास होय." मग पावाच्या दुसऱ्या टोकाकडून स्वतः खायला लागायची. बावन्न वर्षं, तो समुद्रावरून परतला की हेच चालत आलं होतं.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हे त्या हॉटेलात कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

स्कॅनच्या दिवशी एवाल्ड अकराला आला. मी जुन्या कवळीच्या आत साच्याचा लगदा भरून त्याच्या तोंडात बसवला, ती बाहेर काढली, आणि आतून, कडेनं, बाजूनं स्कॅन करत गेले. पडद्यावर कवळी तुकड्यातुकड्यानं उमटत होती. बघून मला लहान मुलासारखा आनंद होत होता. पुढच्या दातांवर आले तोवर पावणेबारा वाजले होते. ओलं, चकचकीत प्लास्टिक, त्यावर दिव्याचा उजेड. स्कॅनर सारखा अडखळत होता. पुढच्या सहा दातांच्या जागी पडद्यावर काळं भगदाड दिसत होतं.

"झालं का गं?" एवाल्डनं तोंडावर रुमाल धरून विचारलं. "मला बारापर्यंत पोचायचंय."

"झालंच," मी म्हटलं आणि एक बटण दाबलं. रिकाम्या जागा भरा. प्रोग्रॅमनं भगदाड भरून टाकलं, छान गुळगुळीत. कवळीतला लगदा सोलून काढला, ती त्याला परत दिली, तो सायकलवर बसला.

चार दिवसांनी प्रयोगशाळेकडून पडद्यावर आराखडा आला. सहा पुढचे दात, पाकिटातल्या बिस्किटांसारखे एका ओळीत. खाली दोन चौकोन होते. एकावर लिहिलं होतं, आधी छापलेला नमुना पाठवा. दुसऱ्यावर, मंजूर. नमुना म्हणजे पेशंटच्या तोंडात घालून बघायची पांढरी खोटी कवळी, म्हणजे आणखी एक खेप, आणखी एक आठवडा. दोन खेपांत काम होतं म्हणून तर ही यंत्रं घेतली ना? मी मंजूर दाबलं. त्या वेळी मी कॉफी पीत होते.

कवळी आली, बसवली. अजिबात हलत नव्हती. एवाल्डनं आरशात पाहिलं आणि तोंड मिटलं.

"कसं वाटतंय?"

"वाईट नाही."

आमच्या पश्चिम किनाऱ्यावर माणूस याहून मोठी स्तुती करत नाही, आणि याहून मोठी तक्रारही करत नाही. मी इथेच जन्मले, इथेच वाढले. कुठलं 'वाईट नाही' कुठलं आहे ते मला डोळ्यांवरून कळायला हवं होतं. पण मी डोळ्यांकडे नाही, दातांकडे बघत होते.

त्यानं जुनी कवळी रुमालात बांधायला घेतली, तर मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "ही इथेच राहू दे. घरी नेलीस तर पहिल्या दिवशी जरा टोचलं की हीच घालशील, आणि नवी कधीच अंगवळणी पडणार नाही." हे मला कॉलेजात शिकवलं होतं, आणि वीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले होते. त्यानं एकदा त्या कवळीकडे पाहिलं. मग मान हलवली. मंगळवारी कचऱ्याची गाडी आली.

दहाव्या दिवशी वृद्धाश्रमातून लोनेचा फोन आला. लोने तिथली मदतनीस, डॅग्नीला तीच बघते.

"सिडसेल, तू एवाल्डचं काय केलंस गं?"

"म्हणजे?"

"डॅग्नी जेवत नाहीये. इथे ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

तिनं फोनवरच सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी एवाल्डनं नव्या दातांनी घास घेऊन पाव पुढे धरला. लोणी कापल्यासारखं सरळ कापलं गेलं होतं. डॅग्नीनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "हा कुणी खाल्ला? हा एवाल्डचा पाव आहे," ती म्हणाली आणि ताटली सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती ओरडायला लागली की परका माणूस रोज येऊन एवाल्डचं जेवण चोरतोय, त्याला बाहेर काढा. त्यानंतर ती ओरडायचीही थांबली. खिडकीशी बसून पाण्याकडे बघत राहायला लागली. बंदराच्या गावात बाई अशी बसली की तिच्या मनात काय आहे हे सांगावं लागत नाही. आठव्या दिवशी तिनं लोनेकडे काळा पोशाख मागितला.

"नवरा जिवंत आहे, रोज दारात उभा आहे, आणि ती त्याचं सुतक धरून बसलीय," लोने म्हणाली. "ती पाण्यालाही तोंड लावत नाहीये."

मी फोन ठेवला. मी फाइल उघडली. आतली बाजू होती, कडा होत्या, दाढा होत्या. पुढचे दात नव्हते. मी स्वतःच्या हातानं भरून टाकलेली ती गुळगुळीत जागा होती. जगातली कुठलीही कवळी जशीच्या तशी पुन्हा बनवता येते हीच या यंत्राची सगळ्यात मोठी शेखी, आणि मी नेमकं तेच घालवलं होतं.

एवाल्ड चार दिवसांनी आला. नवी कवळी रुमालात होती, तोंड बोळकं. गालफडं आत गेलेली, दोन आठवड्यांत दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा.

"ही चांगली आहे गं," तो म्हणाला. अजूनही माझं मन राखत होता! "पण मला चांगली नको. माझी दे."

"ती नाहीये, एवाल्ड."

"कुठाय?"

मी सांगितलं. कचरा हॉल्स्टेब्रो शहरात जातो, तिथे जाळतात, त्या उष्णतेवर या भागातले घरं गरम ठेवणारे सगळे रेडिएटर तापतात. त्यानं खिडकीखालच्या रेडिएटरकडे पाहिलं. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी दात न घालताच जातो आता तिच्याकडे," तो मग म्हणाला. "परका चोर म्हणून हाकलत तरी नाही. तिला वाटतं आश्रमातलाच कुणी म्हातारा आहे. पाव मला चावत नाही, म्हणून लोने आम्हाला बिअरमध्ये काळा पाव शिजवून लापशी देते. मी खातो तेव्हा तीही चार चमचे खाते. पाहुण्याची लाज राखायला." त्यानं रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. "चार चमच्यांवर माणूस किती दिवस काढणार, सिडसेल? आणि ती जाणार ती मी बुडालो असं समजून जाणार. मला एकदा, फक्त एकदा तिनं ओळखायला हवं."

मी त्याला सांगितलं की मी काहीतरी करीन. काय करीन ते मला अजिबात माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेला फोन केला. तिथला मुलगा गोड बोलला. जुना हसरा फोटो पाठवा, तसे दात लावून देतो. एवाल्डनं बुटाचं खोकं भरून फोटो आणले. लग्न, मुलांची बारशी, बोटीला नवा रंग दिला तो दिवस, रुपेरी लग्नवाढदिवस, सोनेरी लग्नवाढदिवस. बावन्न वर्षांच्या एकाही फोटोत त्याचं तोंड उघडं नव्हतं.

"लग्नात तरी हसायचंस की!" मी जवळजवळ ओरडलेच.

"फोटो काढत होते ना," तो म्हणाला.

शेवटी मी लेमविगला गुडरूनकडे गेले. त्र्याऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत दार उघडलं. मी सगळी कहाणी सांगितली, प्रमाणपत्रासकट. तिनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही. मग उघडलं.

"किती दिवस शिकलीस?"

"एक."

"मी चार वर्षं शिकले. पहिलं वर्षभर फक्त मेण वितळवायला देत होते. आणि मशीन काय शिकवतं तुला? बटणं? बटणं माझा नातूही दाबतो. जुनी कवळी चारी बाजूंनी बघितल्याशिवाय हातातून सोडायची नसते हे नाही शिकवलं? नवी कवळी महिनाभर नांदेपर्यंत जुनी टाकायची नसते हे नाही शिकवलं? दाखवून बघितल्याशिवाय पक्की करायची नसते हे तरी?"

"तो चौकोन होता," मी म्हटलं. "नमुन्याचा. मी दाबला नाही."

"मग मशीनला दोष देऊ नकोस."

तिला एवाल्ड आठवत होता. फट होती हे आठवत होतं, केवढी ते नाही. "मुद्दाम ठेवली होती मी. त्याचे खरे दात तसेच होते. काढायच्या आधी मी त्याला माझ्या स्वयंपाकघरात बसवून जेवू घातलं होतं, म्हणून कळलं." साचे? प्लास्टरचे सगळे जुने साचे तिनं दुकान बंद करताना फोडून बागेच्या वाटेत खडीसारखे घातले होते. मी त्यांच्यावरूनच चालत आत आले होते.

"मला शिकव," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा राग येत होता, दोन्ही एकदम.

"वेळ किती आहे?"

"डॅग्नीकडे? फार नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारचे पेशंट बंद केले. लॅपटॉप घेऊन गुडरूनच्या स्वयंपाकघरात बसायचं, समोर एवाल्ड. ती त्याला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावायची आणि मला त्याच्या ओठांकडे बघायला लावायची. त्याला भांडायला लावायची, मला डोळे मिटून ऐकायला लावायची. "स म्हणताना हवा कुठून जाते ऐकलंस? नाही? परत." वरचा ओठ विसावलेला असताना दात किती दिसावा, खालचा जबडा दमल्यावर कुठे जाऊन टेकतो, सगळं तिनं माझ्या बोटांना शिकवलं, आणि दर दहा मिनिटांनी माझ्या हातावर चमचा मारला. पडद्यावरचे दात मी सरकवायची, ती मागून ओरडायची, "उजवीकडे. अजून. थांब, गाढवे!" तिसऱ्या दिवशी मी आराखडा पाठवला आणि या वेळी नमुन्याचा चौकोन दाबला.

चार दिवसांनी पांढरा नमुना टपालानं आला. तोवर डॅग्नी दोन चमच्यांवर आली होती. लोनेनं सांगितलं, डॉक्टर येऊन गेले, म्हणाले जबरदस्ती करायची नाही, तिला शांतपणे जाऊ द्या. एवाल्डनं हे ऐकलं आणि टोपी डोक्यावरून काढून गुडघ्यावर ठेवली. ती परत घालायची तो विसरला.

गुडरूननं नमुना दिव्यापुढे धरून पाहिला. "फट अंदाजानं काढलीय. अंदाज चुकला असणार. तू त्या बाईला कधी जेवताना बघितलंयस?"

"नाही."

"मग जा. आधी बघ, मग मशीनला हात लाव."

त्या दिवशी मी बाराला वृद्धाश्रमात गेले. एवाल्डनं लोनेच्या स्वयंपाकघरात, डॅग्नीला दिसू नये म्हणून दार बंद करून, नमुना तोंडात घातला, दातलोण्याचा एक घास घेतला आणि नमुना काढून मला दिला. मग तो लापशीचा वाडगा घेऊन डॅग्नीच्या टेबलापाशी जाऊन बसला, तोच दात नसलेला म्हातारा. मागून मी पाव घेऊन गेले आणि तिच्यापुढे ठेवला.

डॅग्नी इतकी वाळली होती की अंगठी बोटात राहत नव्हती, लोनेनं ती दोऱ्यानं बांधली होती. तिनं पावाकडे पाहिलं. बोट फिरवलं. भिंत होती, पण तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता ती ताटली ढकलणार, मी मनात म्हटलं, आता संपलं सगळं.

तिनं ताटली ढकलली नाही. तिनं लोण्याची सुरी उचलली. सुरीच्या टोकानं तिनं ती भिंत जरा डावीकडे सरकवली, थोडं लोणी लावून जाड केली. मग डाव्या अंगाला, तिसऱ्या दाताच्या जागी, सुरी तिरकी करून एक खड्डा दाबला. पुसला, पुन्हा दाबला, अधिक खोल. मान कलती करून बघितलं, शिवण सरळ आली का बघतात तसं. "असं," ती हळूच म्हणाली. "असं खातो तो."

एवाल्डच्या हातातला चमचा वाडग्यावर वाजत होता. मी मात्र उठून पळाले, सरळ गाडीकडे.

स्कॅनर आणून मी लोण्याचा स्कॅन करायला लागले तेव्हा खोलीतल्या चार म्हाताऱ्या गोळा झाल्या. "लोण्याचा फोटो काढतेस?" डॅग्नीनं विचारलं. "बरं नाही का तुला?" खोली तापलेली होती, भिंतीची कड ओघळायला लागली होती. "लोने, खिडकी उघड! रेडिएटर बंद कर!" फेब्रुवारीचा गोठवणारा वारा आत घुसला, म्हाताऱ्यांनी ओरडा केला, मी ऐकलं नाही. पडद्यावर भिंत उमटली, खड्डा उमटला, मधे काळं भगदाड राहिलं. ते बटण पडद्याच्या कोपऱ्यात होतंच, रिकाम्या जागा भरा. मी ताटली फिरवली, पुन्हा फिरवली, गुडघ्यावर बसले, खालून धरला, वरून धरला. माझा जीव टांगणीला लागला होता, तरी हात घाई करत नव्हता. शेवटचं काळं टिंब जाईपर्यंत मी थांबले नाही. मग लोणी वितळलं तेव्हा वितळू दिलं.

दुसरा नमुना यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मी फोन वाजला की दचकायचे. नमुना आला तेव्हा गुडरूननं तो भिंगाखाली धरला, उलटा केला, सुलटा केला, माझ्याकडे पाहिलं.

"वाईट नाही," ती म्हणाली.

बाराच्या ठोक्याला एवाल्ड आत गेला. या वेळी तोंडात नमुन्याचे दात घालून, सरळ तिच्या समोर. मी आणि लोने दारात उभ्या. डॅग्नी उशांना टेकून बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यानं पाव उचलला, घास घेतला, तिच्यापुढे धरला.

तिनं बोट ठेवलं. भिंतीवरून नेलं. खड्ड्यात थांबलं.

"आलास होय," ती म्हणाली.

एवाल्डनं पाव ताटलीत ठेवला.

"किती दिवस लावलेस! मी काळे कपडे कपाटातून काढायला सांगितले होते, माहितेय?" तिनं त्याच्या बाहीला धरून त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या गालावर चापट मारली, अगदी हलकी. लोने माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती. मीही रडत होते, आणि मनात मूर्खासारखी शीळ घालायला लागले होते.

"खा आता," एवाल्ड कसाबसा म्हणाला.

"थांब जरा." तिनं पाव बाजूला सारला, टेबलावरचा चमचा हातात घेतला आणि दाराकडे बघायला लागली. "तो यायचाय."

"कोण?"

"आहे एक म्हातारा. दात नाहीत बिचाऱ्याला. तू नव्हतास तेव्हा रोज तोच यायचा. मी नसेन तर तो लापशीला हात लावत नाही. तो आल्याशिवाय कशी खाऊ?"

पाच मिनिटं गेली. दहा गेली. तिनं चमचा खाली ठेवला नाही आणि घासही घेतला नाही, दाराकडे बघतच राहिली.

"मी बघतो कुठे राहिला तो," एवाल्ड म्हणाला आणि उठला.

बाहेर व्हरांड्यात हात धुवायचं बेसिन आहे, तिथे तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं तोंडातून कवळी काढली. ठेवायला त्याला जागा सापडेना, म्हणून मी हात पुढे केला. त्यानं ती माझ्या तळव्यावर ठेवली, अजून ऊबदार, पुढच्या फटीत लोणी अडकलेलं. मग लोनेकडून लापशीचा वाडगा घेतला, टोपी घातली आणि आत गेला.

"या, या, बसा," डॅग्नीचा आवाज आला. "उशीर केलात. माझा नवरा आलाय आज. आत्ता इथेच होता. भेटला का तुम्हाला?"

"भेटला," एवाल्ड बोबडं म्हणाला. "दारातच भेटला. कसा आहे माणूस?"

चमचा वाडग्यावर वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ती खात होती.

"वाईट नाही," डॅग्नी म्हणाली.